लग्नाच्या जाळीतली बडीशेप

पास्क्वा सिबिल्या समुद्रकाठच्या तोर्रेमारा गावच्या बेकरीत सव्वीस वर्षं तराल्ली वळत होती. बोटाएवढी पिठाची वळी, तिचं कडं करायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, वर तरंगलं की काढायचं आणि मग भट्टीत खडखडीत भाजायचं. पिठात ऑलिव्हचं तेल, पांढरी वाइन आणि रानबडीशेपेचं बी. तासाला चारशे कडी तिच्या हातून पडत, आणि ती वळता वळता गिऱ्हाइकांशी दोन शब्द भांडायलाही तिला वेळ मिळे. तिच्या हाताबद्दल गावात कधी दुमत नव्हतं. दुमत झालं ते परसातल्या बडीशेपेवरून.

परस सासूचं होतं. चेसारिया सिबिल्याच्या घरामागे दोन गुंठे लाल माती, एक विहीर आणि भोवती दगड रचून केलेलं कुंपण. तिथे ती गड्ड्याची बडीशेप लावी. जेवण संपल्यावर बडीशेप खायची रीत त्या किनाऱ्यावरही आहे, पण बी नव्हे, गड्डा. कच्चा, पाण्यातून काढलेला, चार फाकी केलेला. चेसारियाचा गड्डा दाताखाली काचेसारखा मोडायचा, आणि मागे दोरा म्हणून राहायचा नाही. तिच्या आजेसासूपासून घरचंच बी घरात चाललं होतं. आठ डिसेंबरला, मेरीच्या सणाला, सगळं कुटुंब तिच्या टेबलाशी बसे आणि शेवटी बडीशेपेचं ताट येई. त्या ताटाची वाट मटणापेक्षा जास्त पाहिली जाई.

पास्क्वा आतल्या डोंगरपठारावरची. तिकडे गहू आणि मेंढ्या, बडीशेप नाही. लग्न होऊन आल्यावर बावीस वर्षं सासूने तिला परसात खुरप्याला हात लावू दिला नाही. मग १९९० मध्ये चेसारियाचं कमरेचं हाड मोडलं आणि परस आपोआप सुनेकडे आलं. पास्क्वाने पहिल्याच पावसाळ्यात एक सोय करून घेतली. बेकरीसाठी रानबडीशेपेचं बी गोळा करायला ती दर सप्टेंबरला रस्त्याकडेने मैलोगणती हिंडे. आता परस हाताशी होतं. नवरा कातल्दो दगडी कुंपणं बांधणारा गवंडी, त्याने नुकतीच परसाची भिंत दुरुस्त केली होती. त्या भिंतीच्या पायथ्याशी पास्क्वाने रानबडीशेपेची अकरा ठोंबं आणून लावली. दोन वर्षांत ती माणसाच्या डोक्यापर्यंत उंच झाली. पिवळ्या फुलांच्या छत्र्यांवर उन्हाळाभर माश्या घोंगावत. काठी टेकत खिडकीपर्यंतच येऊ शकणाऱ्या चेसारियाला तिथून ती भिंत दिसत नव्हती.

सासूचं जुनं बी दोन वर्षं पुरलं, तोवर सगळं ठीक होतं. तिसऱ्या वर्षी घरच्या नव्या बियाण्याचे गड्डे चपटे आले. चौथ्या वर्षी निम्म्या रोपांनी गड्डा धरलाच नाही. कांद्याला येतात तसे डेंगळे वर काढून मोकळी झाली. पास्क्वाने पाणी वाढवलं, शेणखत वाढवलं, पेरणी आठवडाभर पुढे ढकलली. शेजारणी म्हणाल्या, भट्टीपुढच्या बायकांचे हात गरम असतात, रोपाला सोसत नाहीत.

१९९४ च्या आठ डिसेंबरला तिने त्यातल्या त्यात बरे गड्डे चिरून ताट मांडलं. चेसारिया तेव्हा ब्याऐंशी वर्षांची, वर-खाली दोन्ही कवळ्या. तिने एक फाक घेतली, बराच वेळ चघळली, मग बोटांनी कवळीतून एक लांब दोरा ओढून काढला आणि ताटाच्या काठावर ठेवला. धाकटा दीर ओरोंझो उठला, गाडीतून एक पिशवी घेऊन आला. ओरोंझो भाजीच्या घाऊक बाजारात वजनकाट्यावर होता. रोपवाटिकेतून तयार रोपं आणून त्याने आपल्या अंगणात चार ओळी लावल्या होत्या. त्याचे गड्डे गोल, पांढरे, सगळे एका मापाचे.

त्या भागात गोल गड्ड्याला नर म्हणतात आणि चपट्याला मादी. नर कच्चा खायचा, मादी शिजवायची. झाडात असा काही भेद नसतो, पण बोलण्यात असतो. पास्क्वाला दोन मुली.

"वहिनी, तुमच्या हाताला मुलीच लागतात वाटतं," ओरोंझो गड्डा चिरता चिरता म्हणाला.

त्याच्या बायकोने त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण वाक्य निघून गेलं होतं. चेसारियाने ओरोंझोची फाक खाल्ली, मान हलवली, आणि कॉफी येण्यापूर्वी निकाल दिला. येत्या वसंतापासून परस ओरोंझो लावील. पास्क्वाने उष्टी ताटं उचलली.

बडीशेप का बिघडली याचं उत्तर तिला मिळालं जानेवारीत, बेकरीत.

थंडीत तराल्लीला मागणी दुप्पट होते. एका शनिवारी रानबडीशेपेच्या बियाचा डबा रिकामा निघाला. पास्क्वाने घरून परसातल्या बडीशेपेचं उरलेलं बी आणलं. ही तडजोड होती, आणि ती वाईट आहे हे तिला ठाऊक होतं. गड्ड्याच्या बडीशेपेचं बी गोड, बोदं. तराल्लीत ते पडलं की कडं गुळमट लागतं. मीठ चिमूटभर कमी पडलं तरी परत घेऊन येणारी गिऱ्हाइकं तिची. ती दिवसभर शिव्यांची वाट बघत बसली. शिव्या आल्या नाहीत. संध्याकाळी दवाखान्यातली नर्स दुसऱ्यांदा आली आणि म्हणाली की आजच्या तराल्लीला चव आहे, आणखी एक पुडा द्या.

पास्क्वाने तिला पुडा दिला, मग पिठाच्या हातानेच दोन दाणे तोंडात टाकले. आधी गोडी आली. मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा चढला, नाकापर्यंत गेला. ही रानबडीशेपेची चव ती सव्वीस वर्षं ओळखत होती. दाणेही बारीक, काळपट. तिने ते तळहातावर घेऊन दिव्याखाली पाहिले आणि मग दुकान सोडून तडक परसात गेली. भिंतीशी अकरा ठोंबं उभी होती. वाफे त्यांच्यापासून सहा पावलांवर. माश्यांनी या फुलावरून त्या फुलावर जायला काय लागतं?

कातल्दो अंगणात छिन्नीला धार लावत होता. तिने त्याला सांगितलं की आपली बडीशेप कुणी बिघडवली हे कळलं.

"कोणी?"

"मी."

त्याने ऐकून घेतलं आणि कुदळ आणायला उठला. ठोंबं उपटून टाकू, झालं. पास्क्वाने त्याला थांबवलं नाही, पण तिने विचारलं, परसातली उपटशील, गल्लीतली? स्टेशनच्या रस्त्याची? समुद्रापर्यंतच्या सगळ्या बांधांवरची? अकरा ठोंबं मात्र त्याने त्याच दिवशी काढली.

फेब्रुवारीत पास्क्वा सासूसमोर बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. चेसारिया रागावली नाही. ती म्हणाली की दर मे महिन्यात ती भिंतीलगतची आणि गल्लीतली रानबडीशेप फुलायच्या आत कापून टाकी. तिची सासूही कापी. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. साप बसतात म्हणून, असं त्या समजत.

"तू मला विचारलं नाहीस," चेसारिया म्हणाली.

"तुम्ही सांगितलं नाहीत, आई."

हिशेब बरोबरीत सुटला. पास्क्वाने मग आपलं मागणं मांडलं. साठ रोपांतली चार अजून जमिनीत होती, त्यांचे गड्डे निदान गोलाईकडे झुकलेले होते. विहिरीजवळची चार हात रुंद पट्टी तिला हवी होती, आणि चार हिवाळे. चौथ्या आठ डिसेंबरला सासूने तिच्या गड्ड्याची कच्ची फाक दोरा न काढता खाल्ली, तर परस तिचं. नाहीतर विहिरीची पट्टीही ओरोंझोची.

"मी ब्याऐंशीची आहे," म्हातारी म्हणाली. "चार हिवाळे तुला द्यायचे तर आधी वर कुणाला तरी विचारावं लागेल."

"विचारा. मी थांबते."

चेसारियाने पट्टी दिली.

पास्क्वाने चारही रोपं मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून विहिरीजवळ लावली. एप्रिलमध्ये तिच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. बदामाच्या साखरगोळ्या पाहुण्यांना बांधून द्यायच्या म्हणून पांढरी तलम जाळी आणली होती, त्यातली नऊ मीटर उरली. मे महिन्यात चार रोपांनी दांडे वर काढले तेव्हा कातल्दोने वेताच्या कामट्यांचा सांगाडा उभा केला आणि पास्क्वाने त्यावर ती जाळी शिवली, खालून मातीत पुरली, कडेला दगड ठेवले. आत मुंगी शिरली तरी तिला परवाना लागला असता.

माश्या नाहीत म्हणजे फुलं फळणार कशी, हा प्रश्न कातल्दोने विचारला. पास्क्वाने बेकरीतला अंडं लावायचा मऊ ब्रश आणला. उन्हाळ्यात ती पहाटे चारला कामावर जाई आणि साडेनऊला सुटे. दव वाळलेलं असे, फुलं उमललेली. जाळीची एक बाजू उचलून ती आत शिरे, गुडघ्यांवर बसे, आणि या रोपाच्या छत्रीवरून त्या रोपाच्या छत्रीवर ब्रश फिरवी. एकेका रोपाला वीस-पंचवीस छत्र्या, एकेका छत्रीत शेकडो फुलं. रोज पाऊण तास. पंचवीस दिवस.

गाव भिंतीवरून बघायला येई. ओरोंझो तिच्या पट्टीच्या तीन बाजूंना असलेल्या आपल्या ओळींमध्ये काम करायला येई तेव्हा तर त्याला फुकटची करमणूक होती.

"वहिनी, आता कुणाचं लग्न काढलंत?"

"आहे एकीचं."

"आम्हाला आमंत्रण?"

"आमंत्रण नाही म्हणूनच तर जाळी लावली, भावोजी."

तो हसला. हे त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे, की तो टोमणे मारी, पण घेईही. आणि त्याचे गड्डे वाईट नव्हते. बाजारात विकले जात, ताटात शोभत. फक्त ते कुणाचेही असू शकले असते.

ऑगस्टमध्ये पास्क्वाने छत्र्या तपकिरी होताच कापल्या, कागदी पिशवीत वाळवल्या. मूठभर बी मिळालं. पेरणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवायला तिच्याकडे वर्षं नव्हती, म्हणून तिने त्याच पंधरवड्यात पेरलं. उशिराच होतं, पण त्या किनाऱ्याला शरद लांबतो. लवकर पेरण्यात मोठा धोका असतो. दिवस मोठे असताना रोप तयार झालं तर ते गड्डा सोडून फुलांच्या नादी लागतं. तिने बी रात्रभर भिजवलं, गादीवाफ्यात अर्धं बोट खोल टाकलं, वर वेताची चटई आडवी ठेवली. नवव्या दिवशी कोंब वर आले, केसासारखे. चार पानं झाल्यावर एकेक रोप मुळ्या सरळ ठेवून एका वितीवर लावलं. मुळी वाकडी झाली की गड्डाही वाकडा, हे तिला चार वर्षांच्या फजितीने शिकवलं होतं. एक दिवसाआड संध्याकाळी पाणी, मोजून तीन झाऱ्या. तहानलेल्या बडीशेपेला मागाहून भरपूर पाणी दिलं की गड्डा तडकतो. गड्डा अंड्याएवढा झाला की दोन्ही बाजूंनी मातीची भर, म्हणजे तो पांढरा आणि कोवळा राहतो.

त्या डिसेंबरात साठांपैकी अकरा गड्डे गोल होते. ओरोंझोच्या दोनशेपैकी दोनशे. टेबलावर त्याचं ताट आलं. चेसारियाने त्यातली एक फाक घेतली आणि अर्धी ठेवली. पास्क्वाने आपला एकही गड्डा काढला नाही. अकरांतून तिने सहा निवडले, बोटांनी चाचपून, खालून कोवळेपणा बघून. त्यांच्या देठाला लाल लोकर बांधली आणि ते जमिनीत ठेवले. उरलेले पाच तिने आणि कातल्दोने उभ्या उभ्या विहिरीच्या काठावर खाल्ले. तीन दोऱ्यांचे होते. दोन नव्हते. कातल्दो दुसरा खाताना नुसता तिच्याकडे बघत चावत राहिला. त्याचं मत तिला कळलं.

दुसरा उन्हाळा कठीण गेला. फुलं ऐन भरात असताना आफ्रिकेकडून धुळीचा वारा सुटला आणि सकाळीच जाळीची एक शिवण उसवली. पास्क्वा बेकरीतून आली तेव्हा आत माश्यांचा बाजार भरला होता. तीन-चार तास गेले असतील. कोणत्या फुलाला काय लागलं, सांगता येणं शक्य नव्हतं. तिने कात्री आणली आणि त्या दिवशी उमललेली प्रत्येक छत्री कापली. शंभरावर छत्र्या. कळीत असलेल्या तेवढ्या ठेवल्या, जाळी दुहेरी शिवली, आणि पुन्हा ब्रश घेतला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, अगं, थोडं मिसळलं तर मिसळलं, एवढं काय.

"पिठात थोडी वाळू मिसळून देऊ का तुला?" पास्क्वाने विचारलं आणि कापत राहिली.

बी जेमतेम एका वाटीच्या तळाला आलं. पण तेवढ्याशा बियातून त्या हिवाळ्यात साठांपैकी एकतीस गड्डे गोल आले. पास्क्वाने ही गोष्ट टेबलावर सांगितली नाही. ओरोंझोने मात्र सांगितली. तो तिची पट्टी रोज बघत होता आणि त्याला मोजता येत होतं. बाजारात त्याने कुणाला तरी म्हटलेलं गावभर झालं, की माझी वहिनी बडीशेपेला मुलगे व्हायला शिकवतेय. पास्क्वाच्या धाकटीने हे ऐकून काकाला बाजारातच गाठलं आणि विचारलं, की काका, तुमचे मुलगे रोपवाटिकेतून दत्तक आणलेले, त्याचं काय? त्यानंतर तो विनोद बंद झाला.

तिसऱ्या वर्षी साठांतले बावन्न. चेसारिया आता पंच्याऐंशीची. त्या हिवाळ्यात तिला छातीचा विकार झाला, तीन आठवडे अंथरुणावर. पास्क्वा बेकरीतून थेट तिच्याकडे जाई, सूप देई, उशा उंच करी. एका दुपारी म्हातारीने डोळे न उघडता विचारलं, की यंदा कसे आहेत. पास्क्वाने आकडा सांगितला. एक आणू का, असंही विचारलं.

"नको. चार म्हणाली होतीस. पुढच्या वर्षी खाईन," चेसारिया म्हणाली. आणि ती बरी झाली. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं.

चौथ्या वर्षी पास्क्वाकडे मागच्या उन्हाळ्याचं जुनं बी भरपूर होतं, म्हणून पेरणी वेळेवर, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. ओरोंझोने त्याच वर्षी बाजारात सगळ्यांच्या आधी माल न्यायचा म्हणून रोपं जूनमध्येच लावली. ऑगस्टच्या शेवटी त्याच्या तीन बाजूंच्या ओळींत डेंगळ्यांचं रान उभं राहिलं. बाजारकाट्यावरच्या माणसाने बाजाराच्या घाईने केलेली चूक. सप्टेंबरात त्याने दुसरी रोपं आणून लावली, ती डिसेंबरात मुठीएवढीही नव्हती. मधल्या पट्टीत, विहिरीजवळ, साठ गड्डे मातीतून खांदे काढून बसले होते, साठच्या साठ, गोल. पास्क्वाने सात तारखेला त्यांच्यामधून चालत दोन फेऱ्या मारल्या. नवांना लाल लोकर बांधली. मग बारा काढले, विहिरीच्या पाण्यात धुतले.

आठ डिसेंबर १९९८. टेबलाशी सतरा माणसं. मटण झालं, ताटं गेली. पास्क्वाने बडीशेपेचं ताट सासूसमोर ठेवलं आणि ती बसली नाही, खुर्चीमागे उभी राहिली. ओरोंझो या वेळी पिशवी घेऊन आला नव्हता.

चेसारियाने फाक उचलली, प्रकाशात धरली, चावली. तो आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. ती चावत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती घाई करत नव्हती. गिळलं. जीभ कवळीवरून एकदा फिरवली. बोटं तोंडाकडे गेली नाहीत. तिने दुसरी फाक उचलली. मग तिसरी. मग ताटच आपल्याकडे ओढून घेतलं.

"आई, आम्हालाही आहे ना?" ओरोंझोने विचारलं.

"तुला चार वर्षं मिळाली होती," म्हातारी भरल्या तोंडाने म्हणाली.

टेबल हसलं. कातल्दोने, जो सणाच्या जेवणात सहसा तीन वाक्यं बोले, हात लांब करून आईच्या ताटातून एक फाक पळवली आणि बायकोला दिली. पास्क्वाने ती उभ्या उभ्या खाल्ली. ओरोंझोलाही शेवटी एक मिळाली. तो शांतपणे चावून मान डोलावत म्हणाला, की मार्चपर्यंत माझी अवजारं काढून घेतो, वहिनी; आणि पुढच्या उन्हाळ्यात मूठभर बी द्याल का? पास्क्वा म्हणाली, देईन, पण तुमच्या अंगणामागे जी रानबडीशेप माजलीय ती मेच्या आत कापलेली मला दाखवायची, आणि जूनमध्ये पेरलंत तर परत घेईन.

चेसारियाचं ताट तोवर रिकामं झालं होतं. तिने ते सुनेकडे सरकवलं.

"आणखी आण. विहिरीच्या बाजूचे मोठे असतील, त्यातला आण."

"छोट्यांतले आणते, आई. मोठे नऊ बियाण्याचे आहेत. ते निघायचे नाहीत."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुमच्यासाठीसुद्धा."

छप्पन वर्षं त्या घरात चेसारियाला कुणी नाही म्हटलं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग धाकट्या मुलाकडे वळली.

"ऐकलंस ना, ओरोंझो? परसाची मालकीण नाही म्हणतेय," ती म्हणाली, आणि छोट्यांतला यायची वाट बघत रुमाल पुन्हा गळ्याशी खोचून बसली.